ठिणगीची वेळ

सौंसर-पांढुर्ण्याकडे मोटारीचे इंजिन बिघडले की ते तीन भाषांत बिघडते. मालक तक्रार मराठीत सांगतो, मिस्त्री निदान हिंदीत करतो आणि सुट्या भागांची चिठ्ठी इंग्रजीत लिहिली जाते. चढावर गाडी दाबली की इंजिनातून जो कडकडाट येतो, त्याला कोणी 'ठोकते' म्हणतो, कोणी 'बज रही है' म्हणतो, कोणी 'डब्यात खडे हलवल्यासारखे वाटते' असे वर्णन करतो; आणि शेवटी सगळे मिळून 'नॉकिंग' या शब्दावर येऊन थांबतात. आवाज मात्र एकच असतो. तो ज्याला ओळखता येतो, त्याला भाषेची अडचण पडत नाही.

या आवाजाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. हेडमास्तराने शाळा सोडून मोटारीवर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. पण बोरगावसारख्या सीमेवरच्या गावातील मुलांना शिकवताना मला वारंवार या आवाजाची आठवण होत आली आहे. एम. ए. मी भाषेत केले. पाना हाती आला तो मामांमुळे.

मामांची संत्र्याची बाग होती. मृग बहार चांगला साधला त्या एका वर्षी त्यांनी जुनी अॅम्बेसेडर घेतली. १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी निघत राहिली. मामांच्या गाडीत १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन होते, मूळ विलायती घराण्याचे. मामा काही मिस्त्री नव्हते. पण सुटीच्या दिवशी बॉनेट उघडून बसणे हा त्यांचा विरंगुळा होता आणि मदतनीस म्हणून भाचा फुकट मिळत होता.

"आधी पॉइंट, मग टायमिंग," हा त्यांचा पहिला धडा. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली दोन लहान संपर्कबिंदू असतात. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. त्या दोन बिंदूंमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची, तीही फिलर गेजची पट्टी घालून. पट्टी सरकताना बोटाला जरासा अटकाव जाणवला पाहिजे. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते. म्हणून टायमिंग बसवून झाल्यावर फट बदलणारा मनुष्य आपलीच मेहनत पाण्यात घालतो.

मग मुख्य काम. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा. मी त्या भोकावर अंगठा धरी, मामा समोरून हँडल सावकाश फिरवीत. आतली हवा अंगठा ढकलू लागली की समजावे, पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे. पुढच्या पुलीवरची खूण काट्यासमोर आणून थांबायचे. एक साधा बारा व्होल्टचा दिवा घेऊन त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक तारेच्या खिळीला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला लावायची. किल्ली चालू करून, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून तो हलक्या हाताने फिरवायचा. पॉइंट मिटलेले असतील तोवर दिवा विझलेला राहतो. उघडले की त्याच क्षणी तो लागतो. तो क्षण म्हणजे ठिणगीची वेळ. तिथे बोल्ट आवळायचा. एक, तीन, चार, दोन हा सिलिंडर पेटण्याचा क्रम मला पाढ्यासारखा पाठ झाला होता.

आता कोणी विचारील, पिस्टन अगदी वर पोचल्यावरच ठिणगी का पाडू नये? इथे थोडे गणित करावे लागते. पेट्रोलची वाफ बंदुकीच्या दारूसारखी एकदम उडत नाही; ठिणगीपासून ज्योत पसरत पसरत कडेला जाते आणि त्याला ढोबळमानाने दोन सहस्रांश सेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याचा दांडा एका सेकंदात १८,००० अंश फिरतो. म्हणजे त्या दोन सहस्रांशांत ३६ अंश. मिनिटाला १००० फेरे असतील तर तेवढ्याच वेळात फक्त १२ अंश. पिस्टन माथ्यावरून नुकताच उतरू लागला असताना, म्हणजे १२ ते १६ अंश पुढे गेल्यावर, ज्वलनाचा दाब कमाल असावा लागतो. तेव्हा ठिणगी पिस्टन वर पोचण्यापूर्वीच पाडावी लागते, आणि वेग जितका अधिक तितकी आधी. वेग वाढला की आतली घुसळणही वाढते, ज्योतही जलद पसरते, त्यामुळे हा हिशोब सरळ त्रैराशिकाचा राहत नाही. जुन्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये स्प्रिंगा लावलेली वजने आणि निर्वाताची डबी हे काम आपल्या परीने करीत.

ठिणगी फाजील लवकर पडली तर काय होते? पिस्टन अजून वर चढतो आहे आणि वरून आगीचा दाब त्याला खाली रेटतो आहे. त्यातच ज्योतीच्या पुढे कोपऱ्यात राहिलेली, अजून न पेटलेली वाफ दोन्हीकडून दाबली जाते, तापते आणि ज्योत पोचण्याआधीच आपली आपण भडकते. त्या धक्क्याच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. आपल्याला ऐकू येतो तो हा ठोका. तो फार वेळ चालू दिला तर पिस्टनची कड खाल्ली जाते, रिंगा तुटतात. ठिणगी लवकर पडणे हे एक कारण. हलके पेट्रोल, रॉकेलची भेसळ, आत साठलेला कार्बन, तापलेले इंजिन आणि वरच्या गिअरमध्ये रेटलेला चढ ही बाकीची भावंडे.

परीक्षेसाठी मामांचा आवडता रस्ता म्हणजे रामाकोन्यापुढचा सिल्लेवानीचा घाट. नागपूर-छिंदवाड्याची नॅरोगेज गाडीही २०१५ पर्यंत याच डोंगरांतून धापा टाकीत चढायची. मामा काचा खाली करायला लावीत आणि सगळ्यांना गप्प बसवीत. टॉप गिअरमध्ये, ताशी चाळीसच्या सुमारास, ते पाय एकदम दाबीत. क्षणभर हलकी किणकिण येऊन विरली की टायमिंग बरोबर. ती टिकून राहिली तर डिस्ट्रिब्यूटर एखादा अंश मागे. पण मुळीच आवाज आला नाही आणि गाडी मरगळल्यासारखी चढली, तर मामांच्या कपाळाला आठी पडे. "बिलकुल न बोलणारं इंजिन बरं नसते, भाचेराव," ते म्हणत. "त्याले आपण मागं ठेवलं असते."

ठोका आणि इतर आवाज यांत फरक करायलाही त्यांनीच शिकवले. टॅपेटची टिकटिक गाडी उभी असतानाही चालू असते आणि वेगाबरोबर लयीत वाढते. बेअरिंगचा आवाज जड, खोल, पोटातून आल्यासारखा असतो. ठोक्याचा कडकडाट भार पडल्यावर येतो आणि पाय उचलला की लगेच थांबतो. शंका आली तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायची. डॉक्टरच्या नळीसारखे सगळे ऐकू येते. पंखा आणि पट्टा यांच्यापासून सदऱ्याची बाही दूर ठेवायची, एवढे मात्र विसरायचे नाही.

हा आवाज बंद करण्यासाठी जगाने काय काय केले, याचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळले की ठोका थांबतो. उपाय स्वस्त आणि हुकमी होता. जगभर तो पसरला. पण ते शिसे धुराड्यातून हवेत आणि हवेतून मुलांच्या रक्तात जात होते. शिशाने सर्वांत मोठी इजा होते ती वाढत्या मेंदूला. मुलाची शिकण्याची शक्तीच ते खाते. आपल्याकडे बिनशिशाचे पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगात शेवटी ते अल्जीरियात बंद झाले, २०२१ मध्ये. म्हणजे इंजिन गप्प राहावे म्हणून जवळजवळ शंभर वर्षे मुलांनी किंमत मोजली. शिक्षक म्हणून ही गोष्ट मला विसरता येत नाही.

दुसरा मार्ग ऐकण्याचा निघाला. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत वीज उत्पन्न होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. त्याच गुणाचा तुकडा एका बोल्टाने इंजिनाच्या अंगावर आवळून बसवला. ठोक्याची थरथर सेकंदाला साधारण पाच ते आठ हजार आंदोलनांची असते. ती स्फटिकाला जाणवते आणि तो एक बारीकसा विद्युतसंदेश संगणकाला पाठवतो. १९७८ च्या सुमारास अमेरिकेच्या ब्यूइक गाडीत असे साधन आले, पुढे स्वीडनच्या साबमध्ये. आपल्याकडे या शतकात पेट्रोल-इंजेक्शनच्या गाड्यांबरोबर ते सर्वत्र झाले. त्याला 'नॉक सेन्सर' म्हणतात. मी मुलांना सांगताना 'इंजिनाचा कान' म्हणतो.

या कानाच्या मागचा मेंदू कसे वागतो, हे मला फार शहाणपणाचे वाटते. ठोका ऐकू आला की तो ठिणगी ताबडतोब काही अंश मागे घेतो. मग मात्र एकदम पुढे जात नाही. थोडे पुढे सरकतो, ऐकतो, पुन्हा थोडे सरकतो. इंजिनाला झेपेल त्या हद्दीपर्यंत तो त्याला नेत राहतो. आणि कान तुटला तर? तर तो आंधळा धोका पत्करत नाही. पत्र्यावर पिवळा दिवा लावतो आणि ठिणगी कायमची मागे ठेवून गाडी चालवतो. ठोका ऐकू येत नाही, काही मोडत नाही. फक्त ताकद जाते आणि पेट्रोल जास्त लागते.

माझ्या गाडीला दोन वर्षांपूर्वी हेच झाले. लिटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी तेरावर आली आणि सिल्लेवानीला दुसऱ्या गिअरशिवाय चढेना. त्या दिवसांत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची चर्चा जोरात होती, तेव्हा स्टाफरूममध्ये सर्वांनी दोष इथेनॉलला दिला. इथेनॉलमध्ये दर लिटरला ऊर्जा कमी असते हे खरे, त्यामुळे सरासरी थोडी घटते. पण ठोका सोसण्याची शक्ती त्यात पेट्रोलपेक्षा जास्त असते. त्याचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर आहे. आमच्या जिल्ह्यात पिकणाऱ्या मक्यापासूनही ते बनते. त्यामुळे घाटात गाडी मरगळण्याचा आळ त्याच्यावर घालता येत नव्हता. शिवाय पिवळा दिवा लागलेला होता.

मी शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. आयटीआय करून त्याने हमरस्त्यावर पत्र्याची शेड टाकली आहे. त्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत काडेपेटीएवढे यंत्र खोवले आणि मोबाइल हातात धरला. पडद्यावर 'पी-०३२५' हा आकडा उमटला. नॉक सेन्सरच्या मंडलातला बिघाड. ठिणगी किती अंश पुढे आहे, तेही त्याने दाखवले. मग मला म्हणाला, "सर, गाडी बहिरी झाली. म्हणून भेऊन भेऊन चालून राह्यली."

नवा सेन्सर घ्यायला मी तयार होतो. तो म्हणाला, थांबा. आकडा सेन्सरच गेला असे सांगत नाही, निरोप पोचत नाही एवढेच सांगतो. पुढचा अर्धा तास त्याने जे केले ते घरी कोणालाही करण्यासारखे आहे. इंजिन गार होऊ दिले. बॅटरीची तार सोडली. सेन्सरपासून निघणारी तार हाताने चाचपीत गेला. जोडणीत गंज नव्हता. पण पुढे, हवेच्या नळ्यांखाली, उंदराने तार कुरतडलेली होती. पावसाळ्यात शेतातले उंदीर गाडीच्या उबेला येतात, हे आमच्याकडे नवे नाही. मीटर लावून त्याने तार तुटल्याची खात्री केली. तिच्याभोवती जाळीचे कवच असते. प्लगच्या ठिणग्यांचा गोंगाट त्या बारीक संदेशात मिसळू नये म्हणून. नुसती पिळून टेप गुंडाळून भागत नाही. त्याने तार डाग देऊन जोडली आणि कवचही जोडले. सेन्सरचा बोल्ट त्याने टॉर्क पान्याने तपासला. बहुधा तो २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच आकडा खरा. बोल्ट सैल असला तर कान अर्धवट ऐकतो. फार आवळला किंवा मध्ये वायसर घातला तरी चुकीचे ऐकतो.

आकडा पुसून त्याने इंजिन चालू केले आणि सेन्सरजवळ लहान पान्याने हलके टकटक केले. पडद्यावरचे अंश क्षणभर खाली आले आणि पुन्हा वर चढले. सगळ्या गाड्यांत हे दिसेलच असे नाही. खरी परीक्षा चढावरच. आम्ही घाटापर्यंत जाऊन आलो. नव्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर फिरवायचा नसतो. टायमिंग संगणकच ठरवतो. आपल्या हाती उरते ते एवढेच, की त्याला नीट ऐकू येईल अशी व्यवस्था ठेवावी.

हा मुलगा शाळेत असताना तोंड उघडत नसे. घरी मराठी, तीही आमच्या इकडची; शाळेत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तरी मुलाच्या जिभेवरची सीमा जिथल्या तिथे आहे. हिंदीतले शब्द ओळखीचे दिसतात आणि अर्थ भलताच निघतो. पहिलीतल्या पोराला 'शिक्षा' मिळणार असे सांगितले तर ते घाबरणारच. गुरुजी 'चेष्टा करो' म्हणाले की त्याला वाटावे, थट्टा करायला सांगत आहेत. 'यातायात के साधन' लिहायचे तर त्याच्या आजीची यातायात निराळीच. असे मूल एक-दोनदा हसू झाले की गप्प बसते. गप्प बसले की 'कमजोर' म्हणून त्याची नोंद होते आणि सगळा वर्ग सावकाश, मागे ठेवून चालवला जातो. काही मोडत नाही, तक्रारही येत नाही. फक्त ताकद जाते.

उलट टोकाचे पालकही मला भेटतात. तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी शाळेत, सहावीच्या मुलाला स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीत. पिस्टन अजून वर चढतो आहे आणि ठिणगी पाडून मोकळे झाले. तो ठोका घरात ऐकू येतो. कधी ताप म्हणून, कधी चिडचिड म्हणून. कान असेल त्याला ओळखू येतो.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेच्या ३५० क या अनुच्छेदात १९५६ सालीच लिहिले गेले. शासनाने काय करावे ते शासन जाणे. पण निदान वर्गात मुलाने मराठीत विचारलेला प्रश्न मराठीत ऐकून घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. हिंदी त्याला आलीच पाहिजे, आणि येतेही. ती हळूहळू, अंशाअंशाने पुढे सरकवता येते.

गेल्या हिवाळ्यात मी त्या विद्यार्थ्याला विज्ञानाच्या तासाला बोलावले. त्याने टेबलावर एक जुना सेन्सर, मीटर आणि पाना ठेवला. पान्याने टकटक केले की मीटरचा आकडा हले, आणि मुले खुदखुदत. समजावून सांगताना तो कधी हिंदीत बोलत होता, कधी मराठीत. त्याचे त्यालाही भान नव्हते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "पण त्याले कसं समजते का हा ठोका होय का टॅपेट?"

तो क्षणभर थबकला, मग खुश झाला. म्हणाला, "तो सगळा वेळ आयकत नाही. ठिणगी पडल्यावर जेव्हा ठोका येऊ शकते, तेवढाच वेळ कान उघडा ठेवते. आन् ठोक्याचा सूर त्याले ठाऊक असते."

तास संपल्यावर विज्ञानाच्या बाई मला व्हरांड्यात भेटल्या. त्या मुलीचा आवाज त्यांनी वर्षभरात पहिल्यांदाच ऐकला होता.